तंबाखूच्या वखारीतून कॉमर्स कॉलेजात

त्या दिवशी निपाणीहून बेळगावला जाणारी मोटार वाटेत दोनदा बंद पडली... आणि माझी मुलाखत होती अकरा वाजता. शेजारी आप्पा, म्हणजे माझे वडील, धुतलेला फेटा सांभाळत बसले होते. आप्पा तंबाखूच्या वखारीत माल तोलायचं काम करायचे.

दुसरं महायुद्ध संपून वर्ष झालं होतं. बेळगावला मामांकडे राहून माझं कॉलेजचं पहिलं वर्ष पार पडलं होतं आणि आता पुण्याला कॉमर्स शिकायचं मी डोक्यात घेतलं होतं. मुलगी आणि कॉमर्स... मामीसुद्धा आधी हसली.

बेळगावच्या कॉलेजातले गणिताचे सर मात्र हसले नाहीत. एका दुपारी कागद घेऊन बसले आणि सगळा बेत आखून दिला. आधी पुण्याच्या कॉलेजला पत्र, महिनाभर जागा राखून ठेवा म्हणून. तोवर स्कॉलरशिपचे तीन अर्ज, आणि तिन्ही वेगवेगळे लिहायचे. कोण काय बघतो ते आधी वाच, मग लिही, असं त्यांचं सांगणं.

पहिल्या अर्जाला गरिबीचा दाखला हवा होता. आप्पांनी साफ नकार दिला. "हुशार हाय म्हणून देऊ देत. गरीब हाय म्हणून नगं." मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही, पण तो अर्ज गेला नाही तो नाहीच.

दुसरीकडून एका ओळीचं उत्तर आलं, मुलींसाठी सोय नाही. उरला फक्त बेळगावच्या व्यापाऱ्यांचा एक फंड... त्याचीच ही मुलाखत.

पोचलो तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. कारकून म्हणाला, मुलाखती संपल्या. आप्पांनी हुज्जत घातली नाही. हात जोडून दारात उभे राहिले ते हलेचनात... शेवटी आतूनच हाक आली.

आत तिघे होते. नाव, गाव, मार्क असं इंग्रजीत विचारून झालं. मग मधले वयस्कर शेठ मराठीत म्हणाले, "लग्न झालं की तुझं कॉमर्स चुलीत जाणार. मग एखाद्या मुलाची जागा कशाला अडवायची?"

या प्रश्नाचं उत्तर सरांनी माझ्याकडून घोकून घेतलं होतं. नेमकं तेच आठवेना. मग जे माहीत होतं ते बोलले.

"आमच्याकडं तंबाखू सकाळी तोलला तर जड भरतोय, दवानं पान ओलं असतंय. दुपारी तेच पोतं हलकं. शेतकरी म्हणतोय सकाळी तोला, व्यापारी म्हणतोय दुपारी. रोजची भांडणं."

कडेला बसलेल्या गृहस्थांनी कन्नडमध्ये विचारलं, मग तू काय करशील? मीही बाजारात शिकलेल्या कन्नडमध्येच सांगितलं. आधी मूठभर माल वाळवून ओल किती ते बघायचं आणि भाव सुक्या मालावर बांधायचा. मग कुठल्याही वेळेला तोला.

तिघे आपसांत बोलू लागले. माझ्याविषयी नाही, तंबाखूविषयी!

"हे कुणी शिकवलं?" शेठनी विचारलं.

"कुणी न्हाई. आप्पांचा डबा घेऊन जायची, तवा बघितलंय. पण नुसतं सांगून कोण ऐकतंय? मांडून दाखवता यायला पायजे. म्हणून कॉमर्स."

माझ्या कागदावर शेठनी काहीतरी लिहिलं आणि जायला सांगितलं.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. फी आणि हॉस्टेल, पदवी मिळेपर्यंत... कॉलेजची मुदत संपायला तीन दिवस उरले होते. मी पत्र घेऊन वखारीत पळतच गेले.

आप्पांनी काटा थांबवला. शेतकरी, व्यापारी, हमाल सगळ्यांना गोळा केलं आणि ते इंग्रजी पत्र माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतलं. कुणाला अक्षर कळलं नाही, पण सगळे उभे राहून ऐकत होते. वाचून झाल्यावर एका हमालानं विचारलं, "म्हंजी काय झालं?"

"पोरगी पुण्याला चालली," आप्पा म्हणाले.

पुढे पदवीही मिळाली, टाळ्याही मिळाल्या... पण त्या दुपारी वखारीत जेवढी उंच झाले होते, तेवढी पुन्हा कधी झाले नाही.