‘२१ खोल’ लिहिलेली स्लाइड

हे वाचून कोणी ‘फेकतोय’ म्हणालं तर मला राग येणार नाही. दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तर खाली पहिली कमेंट मीच टाकली असती... आणि तीही जरा कुजकटच. भूतखेत, करणी, अंगात येणं — लांज्याकडच्या आमच्या गावात ह्या गोष्टींना तोटा नव्हता, पण माझा त्यावर कधी विश्वास बसला नाही. मुळात स्वभावच संशयी. घरात दूध नासलं तर मी आधी दूधवाल्यावर संशय घेतो, मग पातेल्यावर, मग ते घासणाऱ्यावर. अमावास्येपर्यंत माझी गाडी पोचतच नाही.

मी हिस्टोपॅथॉलॉजीचा टेक्निशियन आहे, चौदा वर्षं झाली. मीरा रोडच्या हाटकेश भागात एका गाळ्याच्या वरच्या मजल्यावर आमची लॅब आहे, खाली पुठ्ठ्याची खोकी बनतात. पेशंटच्या शरीरातून काढलेला तुकडा आमच्याकडे येतो. तो मेणात बसवून त्याचा चौकोनी ब्लॉक करायचा, मायक्रोटोम नावाच्या यंत्रावर त्याचे केसापेक्षा कितीतरी पातळ काप काढायचे, ते काचेच्या स्लाइडवर घेऊन रंगवायचे. मग डॉक्टर मॅडम मायक्रोस्कोपखाली बघून रिपोर्ट लिहितात. लोकांना वाटतं, तुकडा दिला म्हणजे सगळा तुकडा तपासला. तसं नसतं हो. रिपोर्ट काचेवर आलेल्या भागाचा असतो, बाकीचा मेणातच राहतो. मॅडमना शंका आली तर त्या रजिस्टरमध्ये ‘डीपर’ लिहितात... म्हणजे ब्लॉक आणखी आतपर्यंत काप.

आता वहिनीबद्दल. आई गेली तेव्हा मी सातवीत होतो. एकोणिसाव्या वर्षी दादाकडे मीरा रोडला आलो, बेव्हर्ली पार्कच्या वन रूम किचनमध्ये. नवं लग्न झालेल्या बाईच्या घरात धाकटा दीर येऊन पडला, तरी वहिनीने एकदाही तोंड वाकडं केलं नाही. लग्नाआधी ती गावी बालवाडीत शिकवायची, त्यामुळे मलाही पहिली काही वर्षं तिने बालवाडीतलाच समजून सांभाळलं. लॅबच्या कोर्सच्या परीक्षेला निघताना हातावर दही ठेवलं ते तिनेच.

त्या वहिनीला छातीत गाठ आली. दोन महिने तिने कोणालाच सांगितलं नाही. शेवटी दादाने मला खाली पार्किंगमध्ये नेऊन सांगितलं, तेही दुसरीकडे बघत. सुईने तुकडे काढून तपासायचे ठरले. आमच्या मॅडमचा हात ह्या कामात चांगला, म्हणून मी सॅम्पल आमच्याच लॅबला मागितलं.

वहिनी आधी नकोच म्हणाली. मग म्हणाली, “बरं, द्या तिकडे. पण भावजी, तुम्ही हात लावू नका हं. दुसऱ्या कोणाला तरी सांगा.”

“नाही लावणार,” मी म्हणालो.

आमच्याकडे कापायला दोघंच. मी आणि जिग्नेश. जिग्नेश तेव्हा बहिणीच्या लग्नासाठी भावनगरला गेलेला. ब्लॉक माझ्यासमोर आला, त्याच्या नंबरचे शेवटचे दोन आकडे २१.

इथे मी जे केलं ते का केलं, हे मी बरेच दिवस कोणाला सांगितलेलं नव्हतं. कापायला बसलो आणि मला कसंतरीच व्हायला लागलं... न विचारता वहिनीच्या खोलीत शिरल्यासारखं. असल्या कामाला लाज नसते, मी हजारो ब्लॉक कापलेत. पण हा मला बघवेना. मेणातून तुकडा जेमतेम दिसायला लागला तेवढ्यात मी दोन काप घेतले आणि थांबलो. खरं म्हणजे सगळा तुकडा सपाट दिसेपर्यंत आत जायचं असतं. ते मी केलं नाही.

रिपोर्ट क्लिअर आला. दादाने मजल्यावर पेढे वाटले, वहिनीने शिरा केला. मी दोन वाट्या खाल्ल्या.

त्यानंतर साधारण तीन आठवड्यांनी, सकाळी नऊ वाजता लॅब उघडली तर माझ्या ट्रेमध्ये एक कोरी स्लाइड पडलेली. स्लाइडच्या एका टोकाला दुधी पट्टी असते, त्यावर आम्ही पेन्सिलने नंबर लिहितो, कारण पुढच्या केमिकलमध्ये शाई धुऊन जाते, पेन्सिल जात नाही. त्या पट्टीवर बारीक अक्षरात काहीतरी होतं. मी जिग्नेशला दाखवलं.

“29 खोल,” त्याने वाचलं. “किसीने खोलने को बोला है. उनतीस नंबर का ड्रॉवर होगा.”

मलाही तसंच वाटलं. दिवसभर हिंदीच कानावर, ‘खोल’ म्हटलं की ‘उघड’ हेच डोक्यात येतं. ब्लॉक ठेवायच्या कपाटाचा एकोणतिसावा ड्रॉवर आम्ही उघडला. जुने ब्लॉक होते, ओळीने लावलेले. एकही इकडचा तिकडे नाही. मी ती स्लाइड काचेच्या कचऱ्यात टाकली.

दुसऱ्या दिवशी तशीच स्लाइड माझ्या खणात सापडली. त्या खणाला कुलूप असतं आणि किल्ली माझ्या पँटच्या खिशात.

झालं, माझं डोकं चालायला लागलं. लॅबमध्ये आम्ही दोघंच येतो-जातो. मॅडम दुपारी येतात आणि त्यांना असले खेळ सुचायचे नाहीत. जिग्नेशला मस्करी भारी आवडते, एकदा त्याने माझ्या डब्यात मेणाची बटाटावडी ठेवली होती. तेव्हा हा तोच. बहुतेक डुप्लिकेट किल्ली करून घेतली असणार. मी सरळ त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

“जिग्नेश, बस झालं आता. मस्करीची कुस्करी होईल.”

“मैंने क्या किया?”

“हे तुझं अक्षर आहे. आकडे बघ, गुजराती वळणाचे आहेत.”

त्याने स्लाइड उजेडात धरली. मग चिडून मराठीत आला, “अरे महेश, डोळे फुटले काय तुझे? वर लाइन बघ ना. गुजरातीत वर रेघ असते काय? मला तर हिंदी लिहितानापण रेघ मारायची आठवण राहत नाही!”

खरं होतं. त्याचे हिंदी अर्ज मी पाहिलेत, सगळी अक्षरं बोडकी. पण माझा संशय म्हणजे लग्नात रुसलेला व्याही, समजूत काढली तरी जात नाही. मी म्हणालो, मुद्दाम रेघ मारली असशील. त्या दिवशी त्याने डबा एकट्याने खाल्ला, आणि चौदा वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

तिसरा दिवस. आता मी पाळतच ठेवायची ठरवली होती. रंग द्यायचं मशीन असतं आमच्याकडे, वरून झाकण लावलं की तासाभराने उघडायचं. मी स्वतः बारा स्लाइड लावल्या, मोजून. जिग्नेश समोरच्या टेबलावर माझ्याकडे पाठ करून बसलेला. मी मशीनसमोरून हललो नाही... अगदी बाथरूमलाही गेलो नाही. तासाने झाकण उघडलं.

तेरा निघाल्या.

तेरावीवर कापलेला तुकडा नव्हता. नुसती कोरी काच आणि पेन्सिलचं तेच अक्षर.

मी जिग्नेशला हाक मारली नाही. कुठल्या तोंडाने मारणार? खिडकीशी जाऊन स्लाइड उन्हात धरली आणि पहिल्यांदा ते अक्षर नीट पाहिलं. आणि माझी नजर ‘ल’वर अडकली. हिंदीवाल्यांचा ल वेगळा असतो, लॅबच्या हिंदी पाटीवर रोज बघतो मी. हा आपला होता, पाकळीचा ल, पाटीवर गिरवून घेतात तो. म्हणजे लिहिणारा माणूस मराठी. म्हणजे शब्दही मराठी. ‘उघड’ नव्हे... खोल. विहीर खोल असते तसं खोल.

आणि शब्द मराठी, तर आकडेही मराठी. पोट फुगलेला तो 9 नव्हताच. तो आपला एक होता.

एकवीस. खोल.

लॅबमध्ये कोणी ‘खोल’ म्हणत नाही. मी मराठी असून चौदा वर्षांत एकदाही म्हटलं नाही, आम्ही सगळे डीपरच म्हणतो. ज्याला हे काम येतं त्याने हा शब्द लिहिलाच नसता. आणि एकवीस नंबरचा ब्लॉक मी वरवर कापला हे माझ्याशिवाय जगात कोणालाच माहीत नव्हतं.

ब्लॉक काढला. यंत्राला लावला आणि ह्या वेळी थांबलो नाही. सगळा तुकडा सपाट दिसेपर्यंत गेलो, त्याच्याही खाली गेलो, टप्प्याटप्प्याने काप घेतले, रंगवले. मी डॉक्टर नाही, पण इतक्या वर्षांत डोळ्यांना काही गोष्टी कळायला लागतात. चौथ्या स्लाइडच्या कोपऱ्यात गडद पेशींचा दाट घोळका होता. मी खुर्चीत बसलो आणि चक्क रडलो. जिग्नेशने पाण्याचा ग्लास आणून ठेवला.

मॅडम दुपारी आल्या. स्लाइड बघताना त्यांनी लेन्स बदलली, पुन्हा बदलली.

“हे डीपर कोणी मागवलं?”

“तुम्ही नाही, मॅडम?”

“मी मागवलं असतं तर रजिस्टरला एंट्री असती.” त्यांनी जुनी स्लाइड काढून शेजारी ठेवली. “पहिल्या वेळी हा भाग आलाच नाहीये. सेक्शन सुपरफिशियल आहे. कट कोणाचा होता?”

“माझा.”

त्यांनी फोन उचलून सर्जनना लावला आणि नवीन रिपोर्ट लिहायला घेतला.

वहिनीचं ऑपरेशन झालं. पुढे केमो. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात, सहा महिन्यांनी आला असतात तर वेगळं बोलावं लागलं असतं. जिग्नेशची मी माफी मागितली. त्याने केली माफ, पण किल्लीचा विषय निघाला की अजून टोमणा मारतो.

राहिलेल्या दोन स्लाइड मी पाकिटात घालून ठेवल्या होत्या. परवा बेव्हर्ली पार्कला गेलो, दुपारची वेळ, दादा ऑफिसला. वहिनी लसूण सोलत बसली होती. डोक्यावर आता बारीक केस आलेत. मी पाकीट पुढे केलं. खरं सांगायचं तर मला तिला सगळं सांगून मोकळं व्हायचं होतं, पण सुरुवात कुठून करायची कळत नव्हतं.

तिने चष्मा लावला. स्लाइड बोटांत धरून खिडकीकडे केली आणि अगदी सहज म्हणाली, “हे कधी लिहून घेतलंत माझ्याकडून?”

“तू लिहिलंयस?”

“मग? हा एक माझाच. आमच्या बाई ओरडायच्या, तुझ्या एकाला काय दिवस गेलेत काय म्हणून!” ती हसली, मग हसायची थांबली. “पण मी हे कधी लिहिलं हो? आणि कशाला?”

तिने वर्तमानपत्राच्या कडेला पेन्सिलने लिहून दाखवलं, २१ खोल. मी स्लाइड शेजारी ठेवली. तोच फुगलेला एक, तोच पाकळीचा ल.

तुम्ही जे जे विचाराल ते सगळं मी स्वतःला विचारून झालंय. वहिनी लॅबमध्ये कधीही आलेली नाही, हाटकेशला लॅब कुठल्या गल्लीत आहे हेसुद्धा तिला सांगता येणार नाही. रिसेप्शनच्या कॅमेऱ्यात आम्हा दोघांशिवाय कोणी नाही. तिला स्वतःचा नंबर माहीत नव्हता, रिपोर्टची फाइल दादाकडे असते. मॅडमनाही मी नंतर त्या स्लाइड दाखवल्या, त्यांना आजही वाटतं की मनात खात होतं म्हणून मीच लिहिलं आणि विसरलो. मीही ते धरून चाललो होतो... नको नको म्हणत, पण धरून चाललो होतो. तिचं अक्षर माझ्या डोक्यात कुठेतरी असेल म्हणा. पण मी माझ्या हाताने तसं लिहून पाहिलंय, वीस-पंचवीस वेळा, आणि तो एक मला जमत नाही. आणि समजा जमला, तरी झाकण लावलेल्या मशीनमध्ये तेरावी स्लाइड गेली कशी?

मग मी तिला सांगितलं. खोल म्हणजे काय, ब्लॉक म्हणजे काय, पहिल्या वेळी काय राहून गेलं. बोटाला चिकटलेली लसणाची साल काढत ती ऐकत होती.

“म्हणजे तेव्हा कापलं ते तुम्हीच,” ती म्हणाली.

मी मान हलवली.

“आणि अर्ध्यात थांबलात.”

“हो.”

ती माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. लहानपणी शाळेतून मार खाऊन आलेल्या पोराकडे बघतात तशी.

“तुम्ही लाजलात भावजी,” ती म्हणाली, “आणि मी गेले असते हो.”

त्या स्लाइड कुठून आल्या ह्याचं उत्तर माझ्याकडे नाही आणि मिळेल असंही वाटत नाही. तिच्या त्या वाक्याला मात्र उत्तर द्यायला हवं होतं. पण ती परत लसूण सोलायला लागली, आणि मीही समोरची एक पाकळी उचलून सोलायला घेतली.