शिंप्याचा दिवा आणि न जुळलेला निळा

गालिचेवाल्या काकू आणि दिवेवाले काका हे नवराबायको आहेत, हे नव्या गिऱ्हाइकाच्या बराच वेळ लक्षात यायचं नाही. काकू कायम जमिनीवर आणि काका कायम शिडीवर. दोघांमध्ये बोलणं व्हायचं ते "जरा सरका" आणि "खाली बघ, स्क्रू पडतोय" एवढंच. बाकी सगळं बोलणं काकांचं, आणि ते गिऱ्हाइकाशी. त्यांच्या तोंडाचा पट्टा शिडीच्या पहिल्या पायरीवर सुरू व्हायचा तो खाली उतरेपर्यंत. लेक म्हणायची, बाबा झोपेत बोलत नाहीत, कारण दिवसाचा कोटा संपलेला असतो.

दुकानात नवीन असं काही मिळत नसे. गालिचे जुने, दिवे जुने, आणि अलीकडे मालकही त्याच मालिकेतले. खरेदी दोघांनी वाटून घेतलेली. काकू गालिचा आधी उलटा करायच्या. गाठी किती दाट आहेत, कुठे कसर लागली आहे, हे पाठीवरूनच कळतं. मग पांढरा रुमाल ओला करून लाल रंगावर घासायच्या. रुमाल रंगला की गालिचा परत. काका दिव्याची काच टिचकी मारून ऐकायचे आणि जुनी वायर असेल तर सगळी काढून नवी ओवायचे. त्यांचा दिवा घरी लावल्यावर कुणाला झटका बसला, असं एकदाही झालं नाही. झटका बसायचा तो त्यांच्या बडबडीनं.

पण या जोडीचं नाव झालं ते त्यांच्या विकण्याच्या पद्धतीमुळे. दुकानात पसंत केलेला माल ते दुकानातून देतच नसत. गिऱ्हाइकाच्या घरी जायचं, तो रोज बसतो ती खुर्ची विचारायची, आणि त्याला तिथे बसवायचं. "घरात काय कुणी उभं राहून राहतं का?" काकू म्हणायच्या. मग गालिचा अंथरायचा. थोड्या वेळानं तोच गालिचा उचलून एका टोकाच्या जागी दुसरं टोक येईल असा फिरवायचा. गालिच्याला लव असते, मांजराच्या पाठीसारखी. एका बाजूनं बघितला तर रंग उजळ दिसतो, दुसऱ्या बाजूनं बघितला तर तोच गालिचा काळवंडतो. वरून काका दिवा थोडा थोडा खाली सोडत. गिऱ्हाइकाला आवडलं का, हे विचारायचं नाही, हा काकूंचा नियम. "छान आहे" म्हणाला की समजायचं, आवडलेलं नाही. "अगदीच छान" म्हणाला की गुंडाळायला लागायचं. पण कधीतरी बोलता बोलता गिऱ्हाईक गप्प व्हायचं. हात मांडीवर, नजर गालिच्यावर, आणि आपल्या घरात दोन परकी माणसं उभी आहेत याचा विसर. मग काकू बोटांनी जमिनीवर दोनदा टकटक करायच्या आणि वर काका साखळी पक्की करायचे.

अशी कितीतरी घरं त्यांनी उजळली. त्यांच्या स्वतःच्या घरात मात्र ट्यूबलाइट आणि प्लास्टिकची चटई.

असं नव्हतं की घरी काही आणलं नाही. पुष्कळ आणलं. पण काकांना घर आणि दुकान यांतला फरक कळत नसे. जेवायला आलेल्या पाहुण्यानं वर बघून "वा" म्हटलं की काकांची शिडी निघालीच. एका वर्षी लेकीचे सासरे परत निघाले तेव्हा त्यांच्या एका हातात पिशवी होती आणि दुसऱ्या हातात काकूंच्या बैठकीतला दिवा. गालिच्यांचं तेच. सकाळी अंथरलेला गालिचा संध्याकाळी शेजारणीच्या घरी गेलेला काकूंनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितला होता, कारण त्याचं दुसरं टोक धरायला काकांनी त्यांनाच हाक मारली होती.

मग काकांचा गुडघा कुरकुरायला लागला. डॉक्टरांनी शिडी बंद केली. शिडीशिवाय दिवेवाला म्हणजे काय, असं म्हणत काकांनी महिनाभर नाक मुरडलं आणि शेवटी दुकान आवरायचं ठरलं. परगावचा एक व्यापारी सगळा माल एकरकमी उचलायला तयार झाला. शनिवारी सकाळी त्याचा ट्रक येणार होता.

काकूंनी एकच अट घातली. "एक गालिचा आणि एक दिवा घरात राहणार. आणि राहणार म्हणजे राहणार."

"अगं, मी कशाला विकतोय आता?" काका म्हणाले.

काकूंनी बैठकीच्या छताला असलेल्या हुकाकडे बघितलं. तिथून आजवर सहा दिवे गेले होते. त्यांना मनातून खात्री वाटेना. दुकान गेल्याचं दुःख त्या पचवू शकल्या असत्या. पण एवढं आयुष्य या मालात घालवून म्हातारपणी प्लास्टिकच्या चटईवर पाय टेकायचे, हे त्यांना सोसवलं नसतं.

काकूंचा गालिचा ठरलेला होता. विटकरी रंगाचा, मधोमध झिजलेला, आणि एका कोपऱ्यात वीतभर दुरुस्ती. काकूंनी आयुष्यात केलेली ती पहिली दुरुस्ती. गाठी बरोबर पडल्या होत्या, पण लोकरीचा निळा चुकला होता. जुना निळा धुतलेल्या कपड्यासारखा शांत, आणि काकूंचा निळा शाळेच्या शाईसारखा. हा गालिचा आजवर विकला गेला नव्हता. कुणी हात लावला की काकू लगेच म्हणायच्या, "तो कोपरा दुरुस्त केलेला आहे. निळा जुळत नाही. खराब माल कशाला नेता?" एवढा प्रामाणिकपणा त्यांनी दुसऱ्या कुठल्याही गालिच्याच्या बाबतीत दाखवला नव्हता.

दिव्यावरून मात्र घोडं अडलं. काकांना आठ फांद्यांचं झुंबर हवं होतं. डॉक्टरांचं न ऐकता शिडीवर चढून त्यांनी ते घरी टांगलं, तर बैठकीत वाकून चालायची वेळ आली.

"मला लागत नाही," झुंबराखाली ताठ उभे राहून काका म्हणाले. काकांची उंची बेताचीच.

"मला लागतं," काकू म्हणाल्या. "आणि तुमचा जावई तर बसूनच आत येईल."

काकूंना शिंप्याचा दिवा हवा होता. दुधी काचेची साधी टोपी, काठाला एक टवका, आणि चिनी मातीच्या वजनावर तोललेली दोरी. शिंपी तो ओढून पार सुईपर्यंत खाली आणायचा आणि काम झालं की वर ढकलायचा. काका त्याला दवाखान्यातला दिवा म्हणायचे.

गुरुवारी लेक आली. तिला गिऱ्हाईक म्हणून खुर्चीत बसवलं. ती प्रत्येक दिव्याला आणि प्रत्येक गालिच्याला "छान आहे, आई" म्हणाली. झुंबराला तर "अगदीच छान" म्हणाली. ते ऐकून काकांनीच मान खाली घातली आणि झुंबर उतरवलं.

"तुम्ही दोघं कधी त्या खुर्चीत बसलायत का?" जाता जाता लेकीनं विचारलं.

दोघंही कधी बसले नव्हते. जिथे जातील तिथे लोकांना आधी खुर्चीत बसवणारी ही माणसं. स्वतःच्या घरी माल लावताना मात्र एक शिडीवर आणि एक जमिनीवर. घरातला प्रत्येक गालिचा काकांनी वरून बघितला होता आणि काकूंनी दाराकडून.

शुक्रवारी दिवस कलताना काकांचा गुडघा ठणकायला लागला. काकूंनी त्यांना धरून खुर्चीत बसवलं आणि पदर खोचला.

"आज शिडीवर मी," त्या म्हणाल्या.

"तुला जमणार नाही. आधी मेन स्विच बंद कर. हुकाचे आटे उलटे आहेत. आणि तो दवाखान्यातला दिवा लावणार असशील तर आधीच सांगतो..." काका बोलत राहिले. काकूंनी मेन स्विच बंद केला, शिडीवर चढून दिवा टांगला, वायर जोडली, खाली उतरून स्विच पुन्हा चालू केला. विटकरी गालिचा अंथरला. काकांचं चालूच. ट्यूबलाइट मालवली आणि दिवा लावला. उजेडात गालिचा चिखलासारखा दिसला.

"बघ, मी म्हणत नव्हतो," काका म्हणाले.

काकूंनी गालिचा उचलला आणि फिरवला. त्यांना स्वतःचंच हसू आलं. आजवर घरातला प्रत्येक गालिचा त्यांनी दारातून बघायच्या बाजूनंच घातला होता. मग दोरी ओढून दिवा खाली आणला, खुर्चीच्या हातापासून थोडा वर.

"हे बघ, उजेड पसरायला जागा लागते, एवढा खाली आणलास तर भिंती..."

भिंतींचं काय होतं ते काकांनी सांगितलंच नाही. विटकरी रंग खालून पेटल्यासारखा उजळला होता. काकांचे हात मांडीवर होते. काकू दोरी धरून थांबल्या. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक त्या घरात बहुधा पहिल्यांदाच ऐकू येत होती. मग काकूंनी खाली वाकून जमिनीवर दोनदा टकटक केली. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते त्यांनी पुसलं नाही.

शनिवारी ट्रक आला. माल भरून झाल्यावर व्यापारी कागदांवर सह्या घ्यायला घरी आला. आभाळ भरून आल्यामुळे दिवा लावलेला होता. व्यापारी नेमका त्याच खुर्चीत बसला. ट्रकबद्दल बोलत होता, रस्त्याबद्दल बोलत होता. बोलता बोलता गप्प झाला.

स्वयंपाकघरात काकूंनी भराभर चहा कपांत ओतला. ही शांतता त्या ओळखत होत्या.

"हा गालिचा," व्यापारी म्हणाला, "यादीत नाही."

"नाही," काका म्हणाले.

"दिव्यासकट द्या. म्हणाल ती किंमत."

काका खुर्चीजवळ सरकले. घसा खाकरला. काकूंनी तो घसा आयुष्यभर ऐकला होता. त्यानंतर सौदा ठरतो. त्या स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभ्या राहिल्या.

"त्याचं काय आहे," काका म्हणाले, "तो कोपरा दुरुस्त केलेला आहे. निळा जुळत नाही. खराब माल कशाला नेता?"

काकू ट्रे घेऊन बैठकीत आल्या. दिवसभर शिडीवर बडबडणारा हा माणूस त्यांचं हे वाक्य इतकी वर्षं ऐकत होता, आणि ते का म्हटलं जातं हेही त्याला ठाऊक होतं.

"मला चालेल," व्यापारी म्हणाला.

"तुम्हाला चालेल हो. आम्हाला नाही चालणार. तो निळा हिच्या हातचा आहे," काका म्हणाले आणि कागद पुढे सरकवले. "सही कुठे करू?"

चहा पिऊन व्यापारी गेला. ट्रकचा आवाज रस्त्याच्या टोकाला संपला. काकांनी दार लावलं, लंगडत खुर्चीपाशी आले आणि खुर्ची झटकली.

"बस," ते म्हणाले. "आजवर बसली नाहीस."

काकू बसल्या. काकांनी दोरी हातात घेतली आणि दिवा हळूहळू खाली सोडला. "एवढा पुरे? की आणखी खाली? तुझ्या डोळ्यांवर येत असेल तर सांग. टोपी थोडी तिरपी करतो, म्हणजे तुझा कोपराही उजेडात..."

काकूंचे हात मांडीवर होते, नजर गालिच्यावर. काकांनी वाकता येईल तेवढं वाकून खुर्चीच्या हातावर दोनदा टकटक केली आणि दोरीला गाठ मारली.