तिला नापास करा

नव्वदीच्या मधल्या वर्षांत मी बडोद्यातल्या एका मराठी माध्यमाच्या सरकारी प्राथमिक शाळेत चौथीला शिकवत होते. हरणीकडच्या नव्या सोसायट्यांमधली मुलं तेव्हा गळ्यात टाय बांधून व्हॅनमधून इंग्रजी शाळांत जायला लागली होती. माझी दोन्ही मुलं त्यांतलीच, हे आधीच सांगून टाकते. आमच्या शाळेत उरली होती ती नंदेसरीच्या केमिकल कारखान्यांत कामाला आलेल्या खानदेशी, मराठवाडी लोकांची मुलं.

एप्रिलचा शेवट होता. निकाल लावून झाला होता. मुलांना प्रगतिपुस्तकं वाटली होती आणि मी कपाट आवरत होते, तेवढ्यात माझ्या वर्गातल्या एका मुलीला हाताला धरून तिची आई आत आली. बाई चाळीशीला टेकलेली, कारखान्यातल्या कँटीनमध्ये पोळ्या लाटणारी. दुसऱ्या हातात मुलीचं प्रगतिपुस्तक आणि एक आंतरदेशीय पत्र.

"बाई, ही चौथी पास हाय ना?"

"हो, पास आहे."

"मंग हे पत्र का वाचता येत नाही हिला? चार दिस झाले येऊन. माझी माय बिमार हाय, येवढंच मला शेजारणीकडून कळलं. शेजारीण गुजराती. तिनं अक्षरं लावून लावून सांगितलं. आन ही घरात बसलेली, चौथी पास."

मी पत्र घेऊन मुलीपुढे धरलं. अक्षर चांगलं मोठं होतं. ती बराच वेळ बघत राहिली आणि मग आमच्या पुस्तकातला पहिला धडा घडाघडा म्हणायला लागली. डोळे पत्रावर आणि तोंडात धडा. वर्षभर ती माझ्यापुढे असंच करत आली होती आणि मला ते माहीत होतं. अशी माझ्या वर्गात अकरा मुलं होती.

आईनं पत्र घडी करून कमरेला खोचलं. "तिला नापास करा," ती म्हणाली. "पुन्हा बसवा चौथीत. पण वाचायला शिकवा."

चौदा वर्षांच्या नोकरीत पोराला पास करा म्हणून पाया पडणारे बाप मी पाहिले होते. ही मागणी पहिल्यांदाच ऐकत होते. मी तिला मुख्याध्यापकांकडे घेऊन गेले. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेले, स्वभावानं भले गृहस्थ. त्यांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सांगितलं की असं करता येत नाही. कोणालाही मागे ठेवायचं नाही, वरून तसं सांगणं आहे.

"वर म्हंजे कुठं?" तिनं विचारलं.

ते माझ्याकडे बघायला लागले.

ती गेल्यावर मी वर्गात येऊन निकालपत्रक काढलं. ते अजून वरच्या ऑफिसात जायचं होतं. शेऱ्याच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत माझ्याच हातानं 'समाधानकारक' लिहिलेलं. गेली कित्येक वर्षं मी तेच लिहीत आले होते. तिसरीच्या बाईंनी तसंच लिहून पोरं माझ्याकडे पाठवली होती आणि मी ती तशीच पाचवीकडे ढकलणार होते. मला स्वतःचीच चीड आली. मी अकरा नावांपुढचा शेरा खोडला आणि प्रत्येकापुढे 'वाचता येत नाही' असं लिहिलं. खाली सही करून आणखी एक ओळ घातली, की याला मीही जबाबदार आहे.

मुख्याध्यापकांनी ते पाहिलं आणि कोरं पत्रक माझ्यापुढे सरकवलं. "पुन्हा लिहा. मी काही बघितलं नाही."

"सर, लिहिलंय ते खरं आहे."

"खरं आहे हे मला कळत नाही का? पण उद्या विचारतील, मग आतापर्यंत काय करत होतात?"

"विचारू देत. कोणीतरी विचारायलाच हवं."

त्यांनी ते पत्रक तसंच वर पाठवलं. हे त्यांचे उपकार, कारण फाडून टाकणं त्यांच्या हातात होतं.

आठवड्याभरात मला वरच्या ऑफिसातून बोलावणं आलं. मी मुलीच्या आईला निरोप दिला आणि ती कँटीनचा खाडा करून लेकीला घेऊन आली. तिथले साहेब गुजराती, सभ्य बोलणारे. त्यांनी पत्रकावर बोट ठेवलं. "बेन, तुमच्या एका वर्गानं माझ्या सगळ्या शहराचा निकाल बिघडतो."

"मग तो बिघडलेलाच आहे, साहेब. तुम्हाला आज कळला."

"नियम में नथी बनाव्यो," ते म्हणाले.

"तुम्ही केला नसेल, पण कोणी केला ते तरी दाखवा. कुठल्या कागदावर लिहिलंय, वाचता न येणाऱ्या मुलाला पास करा म्हणून?"

त्यांनी फायली चाळल्यासारखं केलं. असा कागद नव्हता. सगळं तोंडी चाललं होतं. आई इतका वेळ दारापाशी उभी होती. ती पुढे झाली आणि मुलीला साहेबांच्या टेबलापाशी उभं केलं. "साहेब, तुमीच घ्या वाचून. एक ओळ वाचली तर आमी चाललो."

साहेबांनी मुलीकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. वाचून मात्र घेतलं नाही. म्हणाले, "एकीचं करा. बाकी दहा पास."

बाकीच्या दहांचे आईबाप आले नव्हते, त्यामुळे ते सगळे पास झाले. मी वाद घातला, तेव्हा त्यांनी पुढच्या माणसाला आत बोलावलं.

जूनमध्ये शाळा उघडली आणि माझ्या हातात बदलीचा हुकूम पडला. शाळा शहराच्या दुसऱ्या टोकाला, सयाजीगंजला बस बदलून जावं लागे. बदलीचा त्रास मी सोसला असता. पण मुलगी चौथीतच होती, स्वतःपेक्षा लहान पोरांत मान खाली घालून बसलेली, आणि तिला शिकवायला मी नव्हते. माझ्या जागी कोणालाच दिलं नव्हतं. तिसरी आणि चौथी एकत्र बसवली होती.

मी तिच्या आईच्या खोलीवर गेले तेव्हा मला वाटलं, ही आता मला चार शब्द ऐकवणार. तिनं चहा ठेवला. "तुमाला सुट्टी कधी असते?" एवढंच विचारलं.

पुढे दर रविवारी सकाळी मी तिथे जायला लागले. ओट्यावर सतरंजी टाकून बसायचो. दुसऱ्या आठवड्यात पास झालेल्या दहांपैकी चार जण आले, त्यांच्यामागून त्यांची भावंडं. दिवाळीच्या आधी मुलगी अडखळत का होईना, नवं पान वाचायला लागली. मामाचं पत्र आलं तेव्हा तिनं ते आईला दोनदा वाचून दाखवलं. आजी तोवर गेली होती. मुलगी पुढे दहावी झाली, दुसऱ्या खेपेला, आणि आता एका औषधांच्या दुकानात काम करते. उरलेल्या सहांचं काय झालं, मला माहीत नाही.

मुलांना नापास करत सुटावं असं मी तेव्हाही म्हणत नव्हते. नापास झालेलं पोर दुसऱ्या दिवशी कामाला लागतं, हे मी पाहिलं आहे. कोणालाही मागे ठेवू नये हा विचार चांगलाच होता. पण मागे न ठेवायचं तर त्याला हात धरून पुढे न्यायला माणूस द्यावा लागतो, वेळ द्यावा लागतो. ते न देता फक्त शेरा बदलला गेला. म्हणून नव्या शाळेत मी वाचनाच्या जादा तासासाठी अर्ज केला, आणि निवृत्त होईपर्यंत दर जूनला करत राहिले. एकाचंही उत्तर आलं नाही. तास मी परवानगीशिवायच सुरू केला होता, शाळा सुटल्यावर, रोज. बंद करा म्हणून सांगायला कोणी आलं नाही. आलं असतं तरी मी तो बंद केला नसता.