दिघेबाईंचे दोन कागद

ललिता दिघे हुशार होत्या असं सगळे सांगतात. हुशार मी पुष्कळ पाहिलेत. परळच्या त्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं मी काचेची भांडी धुतली, त्यात हुशारांनी फोडलेलीही होती. दिघेबाईंची गोष्ट वेगळी, आणि ती मीच सांगायला हवी, कारण त्यांचं वर्ष बुडवायला मीच निघालो होतो.

दादरच्या एका कारकुनाची ही मुलगी. चोपन्न साली एम.एस्सी.साठी आमच्याकडे आल्या. पदर कमरेला खोचायचा, डबा खिडकीत ठेवायचा आणि कामाला लागायचं. अंगाने काटकुळ्या, पण कुणासमोर मान खाली घालून उभ्या राहिलेल्या मी पाहिल्या नाहीत.

काम असं होतं. काचेच्या भांड्यात मिथिल अल्कोहोल आणि पाणी एकत्र उकळायचं. दोन तास उकळलं की खालचं द्रव आणि वरची वाफ यांचा मेळ बसतो. मग वाफ थंड करून तिचे थेंब घ्यायचे, खालच्या द्रवाचेही घ्यायचे, आणि कशात किती अल्कोहोल आहे ते काढायचं. हे सगळं दोन-तीनदा ताडून बघितलं की दिवसाकाठी आलेखावर एक बिंदू मिळायचा. यातून सक्रियता गुणांक निघतो. ही काय भानगड, मी एकदा विचारलं. बाई म्हणाल्या, "एखादं द्रव एकटं असताना जेवढं पळायला बघतं, त्यापेक्षा दुसऱ्याच्या संगतीत किती जास्त पळतं, त्याचा आकडा." इतकं सोपं करून मला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

आकडे खरे की खोटे याचीही परीक्षा होती. दोन्ही द्रवांच्या गुणांकांवरून आलेखाच्या कागदावर एक वाकडी रेघ निघायची. तिचा एक भाग आडव्या रेघेच्या वर, दुसरा खाली. दोन्हींचं क्षेत्रफळ जवळजवळ सारखं आलं पाहिजे. ते मोजायला बाई दोन्ही भाग कात्रीने कापून नाजूक तराजूत तोलायच्या. चोवीस बिंदू झाल्यावर त्यांनी कापले. वरचा कागद भरला दोनशे अडुसष्ट मिलिग्रॅम, खालचा एकशे नव्वद. पुन्हा रेघ काढली, पुन्हा कापले, तेच.

त्यांचे मार्गदर्शक विजयकर सर म्हणाले, "रेघ जरा खालून ओढ. प्रबंध डिसेंबरअखेर गेला नाही तर तुझं वर्ष गेलं."

"रेघ बिंदूंतून जाते, सर. बिंदू मी हलवणार नाही."

सर तणतणत निघून गेले. मला पोरीची दया आली. मी म्हटलं, "बाई, कात्री थोडी आतून फिरवा, वरचा कागद हलका होईल. कोण बघायला येतंय?" त्यांनी कात्री खणात टाकून खण लावला. मी भांडी घासायला गेलो.

मग पंचावन्नच्या नोव्हेंबरातला, संयुक्त महाराष्ट्रासाठीचा तो सोमवारचा हरताळ आला. मी लालबागच्या मंडळींबरोबर फाउंटनला गेलो. मुंबई आमची, ती मागायला रजेचा अर्ज कशाला? तिथे काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. अश्रुधुराने झालेली डोळ्यांची आग जायलाच मला दोन दिवस लागले. ट्राम नाही, बस नाही, तरी त्या सोमवारी बाई दादरहून चालत आल्या आणि शंका असलेला एक बिंदू पुन्हा घेतला.

मी कामावर परतलो तर वही उघडून बसलेल्या. "कुशाबा, सोमवारचा बिंदू वाकड्या रेघेच्या खाली आलाय, अगदी हवा तिथे. तुम्ही रोज असं काय करता, जे सोमवारी झालं नाही?"

माझं डोकं फिरलं. "मी धुतलेल्या भांड्यात जेवून दाखवतो तुम्हाला," मी म्हटलं.

"रागावू नका. सकाळपासूनचं सांगा."

"कुलूप काढतो. टेबल पुसतो. पाणी भरतो. तुम्ही आलात की पंखा लावतो."

त्यांची पेन्सिल थांबली. "पंखा का लावता?"

"तुम्हाला उकडतं म्हणून."

"मला? माझे तर कागद उडतात. मला वाटायचं, पंखा तुम्हाला लागतो. म्हणून बोलले नाही कधी."

एकमेकांचं मन राखण्यात आम्ही महिना घालवला होता. वाफ दिसावी म्हणून भांड्याच्या काचेच्या गळ्यावर काही गुंडाळलेलं नव्हतं. पंख्याच्या वाऱ्याने ती काच गार व्हायची, आणि भाताच्या झाकणाला आतून धरतात तसे थेंब धरून परत खाली पडायचे. त्यांत पाणी जास्त. वर पोचायची ती जास्त अल्कोहोलची वाफ, म्हणून वरचा कागद जड.

बाईंनी चोवीसही बिंदूंवर लाल रेघ मारली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सर म्हणाले, आता वेळ नाही. "चोवीस दिवस लागतील, आणि तेवढे आहेत," बाई म्हणाल्या.

गळ्याला मिलमधला कापूस गुंडाळला. खिडक्या बंद, पंखा बंद. रविवारीसुद्धा त्या यायच्या आणि मीही यायचो. घामाने कपडे पिळून काढावेत असे भिजायचे.

शेवटच्या दिवशी रेघ काढून झाली. बाईंनी कात्री उचलली आणि माझ्या हातात दिली. "तुम्ही कापा."

मी? आतून फिरवा सांगणारा? मी हात सदऱ्याला पुसले.  मग मी रेघेवरून कापलं, केसभरही इकडेतिकडे नाही. वरचा कागद दोनशे बारा, खालचा दोनशे सहा. सरांनी स्वतः पुन्हा तोललं आणि म्हणाले, "एवढा फरक चालतो. लिहायला घे."

सर गेल्यावर बाईंनी भांड्याखालची शेगडी बंद केली. "कुशाबा, पंखा लावा."

मी बटणापाशी जाऊन थांबलो. "तुम्हाला हवाय, की माझ्यासाठी म्हणताय?"

"मला हवाय," त्या म्हणाल्या.

तेव्हा लावला.