मामांच्या उत्तरावर मिळालेली नोकरी

विमान उतरलं, प्रवासी गेले, शेवटचे कागद भरून मी फोन सुरू केला तर आईचे नऊ फोन येऊन गेलेले. "तुझे मामा गेले गं," ती म्हणाली. चार दिवसांची ड्यूटी संपली होती आणि अंगात रडण्याइतकंही त्राण नव्हतं. दीड महिना झाला, तो थकवा अजून उतरलेला नाही. त्यात दमणूक थोडी. बाकीचं काय आहे, तेच सांगायला बसले आहे.

दिगंबरमामा लातूरला क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचे. भूकंपात गावाकडचं घर पडलं, मामी गेल्या, आणि मामा कायमचे लातूरला आले. पुढे तिथे गल्लोगल्ली क्लास निघाले, त्यात त्यांचंही नाव झालं. "प्रश्न मोकळा सोडायचा न्हाई," हे त्यांचं पालुपद. डॉक्टर-इंजिनिअर घडवणाऱ्या त्या गावात नांदेडजवळच्या लोह्याची आपली भाची वैमानिक व्हायचं म्हणते, याचं त्यांना कोण कौतुक! माझा परवाना हाती आला आणि एका विमान कंपनीकडून मुलाखतीचं बोलावणं आलं, तेव्हा तयारी त्यांनीच अंगावर घेतली. स्वतः कधी विमानात बसलेले नव्हते, पण अडतंय कुणाचं? मला ऐन मे महिन्यात कोट घालून स्वयंपाकघराच्या दारातून "मे आय कम इन, सर" म्हणत दहादा आत यायला लावायचे. लॉगबुकातल्या उड्डाणाच्या तासांची बेरीज तोंडपाठ हवी, फाइलमधला मागितलेला कागद न चाचपडता निघायला हवा. "पाठ टेकू नको. महत्त्वाचं सांगताना आवाज जरा खाली आण, माणूस भारदस्त वाटतो." शंभरेक प्रश्नांची उत्तरं त्यांनी लिहून दिली. मी घोकली.

मुलाखतीत विचारलं, तुमचा दोष सांगा. मी म्हटलं, मी कामात स्वतःला फार झोकून देते. समोरचे साहेब हसले. "सकाळपासून हे तिसऱ्यांदा ऐकतोय," म्हणाले. तिथेच निकाल लागला. परत लातूरला येऊन मी मामांवर चिडले, नको ते बोलले.

तिसऱ्या दिवशी चहा घेताना त्यांनी आपणहून सांगितलं. भूकंपाच्या आधी गावाला बारीक बारीक हादरे बसत होते. माणसं घाबरून अंगणात झोपायची. मामा तेव्हा गावच्या शाळेत होते. लोक विचारायला आले, गुरुजी, आत झोपावं का? "मी म्हनलो, आपल्या खाली दख्खनचा खडक हाय. हितं मोठा भूकंप व्हतच न्हाई. खुशाल झोपा." त्या रात्री ते स्वतः कामासाठी लातूरला होते. मामी त्यांच्या शब्दावर माळवदाखाली झोपल्या, आणि दगडमातीचं ते छत त्यांच्यावर आलं. "मला ठावं नव्हतं गं," मामा म्हणाले. "पर मास्तराच्या तोंडून 'ठावं न्हाई' निघत न्हाई..."

पुढे दुसऱ्या कंपनीच्या मुलाखतीत एका पिकल्या केसांच्या कॅप्टननी विचारलं, खात्रीनं सांगितलेली गोष्ट चुकली तर काय होतं, हे कधी जवळून पाहिलंय? मी तोंड उघडलं आणि मामांची गोष्ट बाहेर आली. म्हणून मला माहीत नसेल तेव्हा मी तसं स्पष्ट सांगते, असं मी शेवटी जोडलं. कॅप्टननी पेन खाली ठेवलं. नोकरी मिळाली हे मला त्याच क्षणी कळलं होतं. खरं सांगायचं तर त्याआधीच कळलं होतं, आणि माळवदापाशी आल्यावर मी आवाज जरा खाली आणला होता. याची मला लाज वाटते.

मामांनी क्लासभर पेढे वाटले. काय काय विचारलं, म्हणाले. मी म्हटलं, इंजिनाचं, हवामानाचं. पुढे कित्येक वर्षं तेच सांगत आले.

गेल्या दिवाळीनंतर ते नांदेडच्या दवाखान्यात होते. मी मोसंबी सोलत होते आणि एकदम मुलाखतीतलं सगळं सांगून टाकलं. चिडतील असं वाटलं होतं.

"त्याच्यावरच नोकरीला लागलीस मग?"

"हाव, मामा."

त्यांनी वर छताकडे पाहिलं. मग म्हणाले, "तिचं नाव सांगितलंस का?"

"न्हाई. नुसतं मामी म्हटलं..."

"सांगायचं होतंस की. लई वर्षं झाली, कुणी घेतच न्हाई."

मी मान खाली घातली, कारण मला ते नाव माहीतच नव्हतं. मामींना मी पाहिलेलं नाही. घरात सगळे वहिनी, मामी असंच म्हणत आले. ज्यांच्या मरणावर मला नोकरी मिळाली त्यांचं नाव मी कधी विचारलं नव्हतं, आणि त्या दिवशीही माझी जीभ रेटली नाही. पुन्हा येईन तेव्हा विचारू, असं ठरवून मी ड्यूटीवर गेले.

लातूरच्या घराच्या गच्चीवर पत्र्याखाली मामांची बाज अजून आहे. भूकंपानंतर ते एकदाही पक्क्या छताखाली आपणहून झोपले नाहीत. थंडीत दोन गोधड्या घ्यायचे, पण आत यायचे नाहीत. तेराव्याला सगळे पांगल्यावर मी त्या बाजेवर बसले आणि आईला नाव विचारलं. ती माझ्या शेजारी बाजेवर टेकली. मग तिनं सांगितलं.

मामींचं नाव सुशीला होतं.