तिचं मत कुठं आहे?

"मत कुठं आहे तुझं?" कुणाशीही ओळख झाली की सरांचा हा पहिला प्रश्न. गाव कुठलं, मुलं किती, ते सगळं नंतर. खालच्या चहावाल्याला विचारलं, मी नोकरीला लागले त्या दिवशी मलाही विचारलं. मी म्हटलं, "इथंच, नोएडात." "अच्छा, म्हणजे मोजण्यासारखी आहेस," म्हणाले आणि डब्यातली साबुदाण्याची खिचडी पुढे केली. असा माणूस तुम्हीही कुठं ना कुठं पाहिला असेल. पोटात माया आणि डोक्यात मतदारयादी.

आमचं ऑफिस सत्ताधारी पक्षाला सल्ला द्यायचं. सरकारच्या मनातली प्रत्येक योजना आधी आमच्या टेबलावर यायची. केली तर मतं किती वाढतील, फटका किती बसेल. सर बोलायचे, मी तक्त्यात ठिपके द्यायचे. फायद्याला हिरवा, धोक्याला लाल. योजना चांगली की वाईट, याला रकानाच नव्हता.

एकदा आम्ही मानेसरला गेलो. तिथल्या कामगारांच्या वस्तीत सरकार दवाखाना काढणार होतं. एक बाई भेटली, गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात कामाला, सातवा महिना लागलेला. पहिलं मूल हॉस्पिटलच्या वाटेवर, शेअर ऑटोतच गेलं होतं. सांगताना ती रडली नाही, सर रडले. नाटक नव्हतं हो, रुमाल भिजला होता. मग नाक पुसून त्यांनी विचारलं, "आपका वोट कहाँ है, बहन?"

"गाँव में. बिहार."

"दवाखाना बिल्कुल बनेगा," सर म्हणाले.

गाडीत बसल्या बसल्या मला म्हणाले, "लाल दे गं. या सगळ्यांची मतं गावाकडे. इथं मतं भाड्याच्या खोल्यांच्या मालकांची, आणि त्यांना त्या जागेवर लग्नकार्यांसाठी बारातघर हवंय. दवाखान्यानं एक मत वाढणार नाही, मालक मात्र रुसतील."

"सर, तुम्ही आत्ता रडलात."

"मग? रडायला काय मतदारयादी लागते?"

शी. मला त्यांची किळस आली. आणि माझी त्याहून जास्त, कारण ठिपका मीच दिला. लाल, नीट गोल.

बारातघर झालं. पक्षाला तिथं भरभरून मतं पडली. सरांना एका मोठ्या राज्याचं काम मिळालं, ते गेले. जाताना ऑफिसभर बर्फी वाटली, मला दोन तुकडे जास्त. ते मी खाल्लेसुद्धा.

परवा एका सहकाऱ्याच्या लग्नाला त्याच बारातघरात जायची वेळ आली. मागच्या बाजूला एक बाई भांडी घासत होती. तिनंच मला ओळखलं. मी बाळाचं विचारलं.

"ऑटो में ही हुई थी. नहीं बची," ती म्हणाली. मग हात पदराला पुसत तिनं विचारलं, "वो साहब ठीक हैं ना? मेरे लिए रोए थे."

मी तिच्यासमोरच सरांना फोन लावला आणि मराठीत सगळं सांगितलं. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. रडत होते. मला वाटलं, चला, आता तरी.

"अगं," ते म्हणाले, "मत आता इथं करून घेतलंय का तिनं?"

मी फोन बंद केला. ती अजून माझ्याकडे बघत उभी होती.

"ठीक हैं," मी म्हटलं.