सोळाव्या किलोमीटरवरची भैरवी

पळणाऱ्या माणसाला गाणं ऐकवायचं असतं, हे मला साठीला टेकल्यावर कळलं. आमच्या बेळगावात भर रस्त्यात कुणी पळताना दिसलं तर “काय रे, कुत्रं मागं लागलंय काय?” असं विचारायची पद्धत होती. बेंगळुरात मात्र दरवर्षी एका रविवारी माणसं आपणहून पैसे भरून पळतात, आणि पळता पळता त्यांना कंटाळा येऊ नये म्हणून ठिकठिकाणी कुणाला तरी गात-वाजवत बसवलेलं असतं. फ्लायओव्हरखाली गिटारवाले, पुढे केरळी चेंडा-ढोल बडवणारे, त्याच्याही पुढे एका शाळेचा बँड. आणि गेल्या वर्षी सोळाव्या किलोमीटरवर, सर्जापूर रोडच्या कडेला एका बंद फर्निचरच्या दुकानासमोर, आमचं महिला भजनी मंडळ.

आम्ही सात जणी. दर गुरुवारी अपार्टमेंटच्या क्लब हाऊसमध्ये भजन करतो, टेबल टेनिसवाले आले की उठतो. आमचं नाव मॅरेथॉनवाल्यांपर्यंत कुणी पोचवलं देव जाणे, पण एक दिवस गळ्यात कार्ड अडकवलेली एक मुलगी आली आणि म्हणाली, “आंटी, फुल एनर्जी पाहिजे. स्लो काही नको.” आम्ही एकमेकींकडे पाहिलं. आमच्यातल्या दोघींना मांडी घालून बसल्यावर उठायला हात द्यावा लागतो. शिवाय नऊवारी नेसायची, नथ घालायची, कारण ‘कल्चरल’ दिसायला हवं. एरवी आम्ही साध्या सुती साड्यांत गातो, एकजण तर ऑफिसातून येते ती पँटवरच टाळ वाजवते. आता तीही शिवलेली नऊवारी मागवून बसली.

बरं, त्या दिवशी आमच्या घरातून दोघं निघणार होतो. मी गायला आणि हे पळायला.

आमचे हे म्हणजे सरकारी संशोधन संस्थेतले निवृत्त इंजिनिअर. पस्तीस वर्षं एका खुर्चीत बसले. घरातला पंखा बंद करायचा तरी मला हाक मारायचे. दोन वर्षांपूर्वी छातीत दुखलं, स्टेंट बसवला, आणि डॉक्टर म्हणाले, चालत जा, जमलं तर हळूहळू पळा, फार ताणू नका. यांनी त्यातलं ‘पळा’ तेवढं उचललं. मग काय विचारता! घड्याळ आलं, बूट आले, पोह्यांच्या जागी ओट्स आले. अपार्टमेंटमधली आयटीतली पोरं यांना ‘इन्स्पिरेशन अंकल’ म्हणायला लागली, आणि त्या दिवसापासून यांची मान जी ताठ झाली ती उशीवरसुद्धा खाली येईना. जेवताना पेस, झोपताना पेस, म्हणजे एका किलोमीटरला किती मिनिटं. मी एकदा म्हटलं, “अहो, भाजी आणायला खाली जा म्हटलं तर लिफ्ट बंद आहे म्हणता, आणि पेस कसला सांगता?” तर दोन दिवस बोलले नाहीत.

मला सांगितलं होतं दहा किलोमीटर. स्पर्धेच्या आदल्या दिवशी छातीवर लावायचा नंबर आला, त्यावर एकवीस लिहिलेलं. अर्धमॅरेथॉन! मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी एवढंच म्हणाले, “डॉक्टरांना विचारलंय मी.” विचारलंय डोंबल! पस्तीस वर्षांत हा माणूस कुणाला काही विचारायला गेलेला मी पाहिलेला नाही. पण नवऱ्याला घरात कोंडून ठेवायची सोय आमच्या फ्लॅटला नाही.

मग यांनी मला कागदावर गणित मांडून दाखवलं. सोळावा किलोमीटर, आठ ते सव्वाआठच्या मध्ये. “तू गात असशील, मी हात करीन.” मी म्हटलं, “करा की.” आणि रात्रभर कूस बदलत राहिले. खरं सांगते, मला भीती वाटत होती. बाकी मॅरेथॉन गेली खड्ड्यात. हा माणूस माझ्यासमोरून स्वतःच्या दोन पायांवर जाताना दिसावा, एवढंच मला हवं होतं.

सकाळी सहाला आम्ही सतरंजीवर सगळं मांडून बसलो. मी पेटीवर, बाकीच्या टाळ-चिपळ्या घेऊन. उजव्या हाताला अक्का. अक्का म्हणजे आमच्यातल्या सगळ्यांत वडील. त्यांचं घराणं चार पिढ्या इथंच, मराठी बोलतात पण वाक्य कुठून तरी कानडीत शिरून परत येतं. मंडळाचे नियम त्यांचे, आणि त्यांच्यापुढे कुणाची मान वर होत नाही.

आयुष्यात पुष्कळ श्रोते पाहिले. पेंगणारे पाहिले, प्रसादासाठी थांबलेले पाहिले. पण समोर येता येताच निघून गेलेले श्रोते पहिल्यांदाच पाहिले. धृपदाचा पहिला शब्द एकाच्या कानावर, दुसरा शब्द दुसऱ्याच्या, आणि समेवर यावं तर समोर तिसराच, त्याच्या कानात स्वतःचं यंत्र खोचलेलं. काहीजण थांबले, पण ऐकायला नव्हे. आमच्या नथींबरोबर फोटो काढायला. एक बाई तर माझा आलाप चालू असताना माझ्या खांद्यावर घामेजलेला हात टाकून “स्माईल, आंटी!” म्हणाली. मी आलाप घेत घेतच हसले. कपाळ माझं!

आठ वाजले. मी पेटीशेजारी फोन ठेवला होता. त्या मॅरेथॉनचं एक ॲप होतं. पळणारा रस्त्यातल्या एखाद्या पट्टीवरून गेला की त्यात त्याची वेळ उमटते. यांची दहा किलोमीटरची वेळ उमटलेली होती, अगदी कागदावरच्या गणिताप्रमाणे. पुढची पट्टी पंधराव्यावर. तिथं काही उमटेना. सव्वाआठ झाले, साडेआठ झाले. मी एका हाताने भाता ओढत होते आणि कडवं संपलं की दुसऱ्या हाताचं बोट फोनवर. फोन लावला तर नुसता वाजत राहिला.

आता समोरून पळणारे संपून चालणारे यायला लागले होते. लंगडणारे, कमरेवर हात ठेवलेले, एकमेकांना शिव्या घालणारे. त्या प्रत्येकात मी यांची पांढरी टोपी शोधत होते. एवढ्यात ती कार्डवाली मुलगी आली. “आंटी, लास्ट साँग. मागून बस येतेय. ज्यांना जमत नाही त्यांना गोळा करत येते. ती गेली की रस्ता ट्रॅफिकला खुला.”

“भैरवी घे,” अक्का म्हणाल्या.

इथं आमचा नियम सांगायला हवा. कार्यक्रमाचा शेवट भैरवीनं. ती घेतल्याशिवाय उठायचं नाही, आणि ती झाली की पुन्हा सूर लावायचा नाही. भैरवी चालू असताना सगळ्यांनी डोळे मिटायचे, हा त्यावर अक्कांनी घातलेला जादा नियम. म्हणजे भैरवी घेतली की संपलं. आणि हे अजून आलेले नाहीत. ते येण्याआधी संपवायचं कसं? हा वेडेपणा आहे हे मला कळत होतं, माझ्या पेटीवर त्यांचे पाय काही चालत नव्हते. पण बोटं भैरवीच्या स्वरांवर जाईनात. मी सरळ एक गजर उचलला.

गजर संपला. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. मी दुसरा उचलला.

“साकु गं!” अक्का टाळ थांबवून कानडीत म्हणाल्या. “पुरे आता. कशाला ओढायलीस?”

“एकच, अक्का. शेवटचा.”

“मघाशीपण शेवटचाच म्हटलीस.”

तिसरा गजर मी जवळजवळ एकटीनंच म्हटला. बाकीच्यांनी पाणी प्यायला सुरुवात केली होती. त्यांना सगळ्यांना माहीत होतं मी कुणाची वाट बघतेय. सकाळपासून मीच तर प्रत्येकीला सांगत होते, आमचे इन्स्पिरेशन अंकल येणार आहेत, नीट टाळ वाजवा, त्यांचा पेस चुकायला नको. तेव्हा सगळ्या हसल्या होत्या. आता कुणी हसत नव्हतं, आणि ते जास्त वाईट होतं.

आणि बस आली. हळूहळू, माणूस चालेल त्या वेगानं. आतली मंडळी मजेत होती, केळी खात होती, खिडकीतून आमचे फोटो काढत होती. शेवटून दुसऱ्या खिडकीत पांढरी टोपी होती.

जिवंत आहे! पहिल्यांदा एवढंच मनात आलं. डोळ्यांत पाणी आलं, आणि पाठोपाठ असा राग आला की वाटलं उठावं आणि बस थांबवून सगळ्यांसमोर दोन शब्द सुनवावेत. माझ्याकडे तयार होते. वर्षभराचे होते.

पण मग मला त्यांची मान दिसली. टोपी कपाळावर ओढलेली, आणि तोंड पलीकडच्या खिडकीकडे. पलीकडे बघण्यासारखं काही नव्हतं, नुसता कंपाउंडचा पत्रा होता. प्रमोशनची यादी लागली आणि त्यात नाव नव्हतं, त्या संध्याकाळी हा माणूस असाच बाल्कनीतून समोरच्या भिंतीकडे बघत बसला होता. माझ्या शेजारच्या सहा जणी आता मान वळवणार, बस बघणार, टोपी ओळखणार. पाणी पिऊन झालं होतं त्यांचं.

मी भैरवी सुरू केली. सांगितलं नाही, विचारलं नाही, एकदम वरच्या सुरात. सगळ्या दचकल्या, भराभर टाळ उचलले आणि नियमाप्रमाणे डोळे मिटले. मी गात होते आणि उघड्या डोळ्यांनी ती बस सोळाव्या किलोमीटरवरून पुढे जाताना बघत होते. सूर कसा लागला मला माहीत नाही.

आवरताना एकीनं विचारलंच, “काय गं, साहेब आलेच नाहीत?”

“आले की! मगाशीच गेले पुढे. तुम्ही पाणी पीत होता.”

ती काही बोलणार, तेवढ्यात अक्का टाळ फडक्यात गुंडाळता गुंडाळता म्हणाल्या, “होय, मी बघितले की. स्वल्प दमले होते, पण चांगले पळत होते.” आणि माझ्याकडे न बघता पिशवीची गाठ मारली. अक्कांच्या डोळे मिटायच्या नियमात अक्का स्वतः बसत नाहीत, हे मला इतक्या वर्षांनी त्या दिवशी कळलं.

घरी पोचले तर हे माझ्या आधी येऊन आंघोळ करून बसलेले. गळ्यात मेडल नव्हतं. मी विचारायच्या आत म्हणाले, “मेडलं संपली म्हणे. कसली भिकार व्यवस्था.”

“भिकारच,” मी म्हटलं. “आम्हाला पाण्याची बाटलीसुद्धा शेवटी दिली.”

“मी हात केला तुला. तू पेटीत डोकं घालून होतीस.”

“असेन.”

मी पोहे केले. वाढले. यांनी निम्मे खाल्ले आणि जरा खुशीत येऊन म्हणाले, “भैरवी मात्र सुरेख झाली हं आज.”

त्यांचा घास हातातच राहिला. भैरवी शेवटी असते, हे त्यांना पस्तीस वर्षं माझ्यामुळे पाठ आहे. पुढे पळत गेलेल्या माणसाला ती ऐकू येत नाही. त्यांच्या चेहऱ्यावर ते उमटताना मी पाहिलं. असा एखादा झेल हातात आल्यावर मी सोडलाय असं आमच्या संसारात कधी झालेलं नाही.

“अजून वाढू?” मी विचारलं.

त्यांनी ताट पुढे केलं. मान खालीच. मग म्हणाले, “चौदाव्याच्या पुढे छातीत जरा धडधडायला लागलं. जाईन म्हटलं, दोनच तर राहिलेत. मग वाटलं, तिथं तू बसलीयस गात. तुझ्यासमोरच येऊन पडलो तर? म्हणून चढलो गाडीत.”

माझ्या हातात झारा होता. तो मी खाली ठेवला.

“शर्ट घाला,” मी म्हटलं. “डॉक्टरांकडे जायचंय. आत्ता.”